हाताची कबर

(सुतारकामाचा कारखाना. दोन लाकडी घोड्यांवर अर्धवट शवपेटी. उजवीकडची फळी अजून लागायची आहे. थोरला भाऊ वारलाय, घरी ठेवलाय आणि दुपारी त्याचं दफन. धाकटा भाऊ रंधा मारता मारता थांबला आहे, कारण थोरल्याची बायको आत आली आहे आणि आल्या आल्या भांडणाला तोंड फुटलं आहे.)

धाकटा : चोरून काय त्यात? दिवसाढवळ्या सांगितलं मी कबर खोदणाऱ्याला. दादाच्या हाताची ती छोटी कबर उकर, आतली पेटी वर काढ आणि इथे आणून दे.

वहिनी : आणि मला विचारायचं नाही?

धाकटा : तुम्ही नाही म्हणाला असता.

वहिनी : म्हणजे उत्तर ठाऊक होतं.

धाकटा : तो कबर खोदणारा फावडं टाकून झाडाखाली बसलाय. म्हणतो, वहिनींना विचारल्याशिवाय त्या जागेला फावडं लावणार नाही. माझ्या भावाची जागा, आणि परवानगी वहिनींची! तुम्हीच पढवलंत ना त्याला?

वहिनी : त्याला पढवायला वेळ कुठला मला? घरात नवरा आडवा पडलाय. माणसं येतायत, रडतायत, मी त्यांना पाणी देतेय. त्यात त्या खोदणाऱ्याचा निरोप आला की तुमचे भाऊजी कबर उकरायला सांगून गेले. डोक्यावरून पदर घेतला आणि तशीच निघाले. लोकांना वाटलं असेल, बाई वेडी झाली.

धाकटा : मग निम्म्या वाटेवरून परत फिरायचं होतं.

वहिनी : तुमची इच्छा काहीही असो. मी ती कबर उकरू देणार नाही.

धाकटा : हात दादाचा आहे. तो दादाबरोबर जायला हवा. बघा, पेटीत खण केलाय. उजवीकडे, मनगटाच्या जागी. शेवटच्या दिवशी कर्णा वाजेल, मेलेले उठतील. त्या दिवशी दादा सबंध उठू दे.

वहिनी : खणसुद्धा केलात? आणि माप कुठून आणलंत?

धाकटा : माप पाठ आहे मला. त्या हाताची पेटीही मीच केली होती.

वहिनी : हो, कौतुक आहे तुमचं. हात कापायचा पण तुम्ही आणि त्याला पेटी करायची पण तुम्ही.

धाकटा : वहिनी!

वहिनी : ओरडू नका. करवतीचं मशीन गप्प आहे म्हणून सगळ्या गल्लीला ऐकू जातंय. का गप्प आहे ते?

धाकटा : पात्यात ढलपी अडकलीय. गडी सुट्टीवर. मशीनच्या खटक्यापाशी दुसरा माणूस उभा असल्याशिवाय मी आत हात घालत नाही. तेव्हापासून.

वहिनी : बैल गेला आणि झोपा केला.

धाकटा : बोला. काय बोलायचं ते आजच बोलून घ्या. पण मला एवढं सांगा, हात त्याच्याबरोबर ठेवला तर तुमचं काय जातं?

वहिनी : आणि नाही ठेवला तर देवाचं काय अडतं? समुद्रात बुडालेल्यांना जो गोळा करणार, त्याला चार पावलांवरचा एक हात सापडायचा नाही? दादा सबंध असावा म्हणून नाही तुमची धडपड. तो सबंध दिसावा म्हणून आहे. न्यायासनासमोर उभे राहतील तेव्हा कोणी विचारायला नको, बाबा रे, हा हात कुठे गेला. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय?

धाकटा : असं वाटतं तुम्हाला?

वहिनी : प्रभू उठला तेव्हा तळव्यावरची भोकं बुजवून उठला का? तशीच घेऊन उठला. बोट घालून बघ म्हणाला. हेही तसेच उठतील, थोटके. ज्याला बघायचंय त्याला बघू दे.

धाकटा : दादाने सगळ्यांना सांगितलं होतं. खटक्याला चिंधी बांधायला मीच विसरलो, म्हणून.

वहिनी : ह्यांनी सांगितलं. तुम्ही काय सांगता?

धाकटा : मी काय वेगळं सांगणार?

वहिनी : तुमच्या वडिलांनी घालून दिलेली रीत. पात्याशी हात घालायचा तर आधी खटक्याला लाल चिंधी बांधायची. चिंधी दिसली की घरच्यानेही खटक्याला शिवायचं नाही. ह्यांनी बांधली होती, भाऊजी. ती चिंधी नंतर मी धुतली. रक्त निघालं, सरस निघेना. त्या दिवशी फळ्या सरसाने चिकटवायचं काम कोण करत होतं?

धाकटा : मी.

वहिनी : मोठ्याने.

धाकटा : मी! सरसाने हात बरबटले होते, समोर चिंधी दिसली, ओढली, पुसले. चिंधी कशाला बांधलीय हे डोक्यातच आलं नाही. खांद्यावर टाकली आणि खटका खाली केला. झालं समाधान? इतकी वर्षं तुम्हाला ठाऊक होतं आणि मला ठाऊक होतं की तुम्हाला ठाऊक आहे. आज वदवून घेऊन काय मिळालं?

वहिनी : काही नाही. कोळसा उगाळावा तितका काळाच.

पाळक : येऊ का आत? दफनाची वेळ नक्की करायची होती. घरी गेलो तर काकू इकडे आल्याचं कळलं.

वहिनी : या पाळकसाहेब. तुमचीच कमी होती.

धाकटा : बरे आलात. तुम्हीच सांगा ह्यांना. शरीर उठतं की नाही उठत?

पाळक : उठतं. म्हणजे, तीच तर आपली श्रद्धा आहे. पण काय झालंय?

धाकटा : दादाचा हात मंडळीच्या दफनभूमीत पुरलेला आहे, हे माहीत आहे तुम्हाला?

पाळक : हो, तो लहान दगड. मी नवीन आलो तेव्हा त्यांनीच दाखवला होता. हसत म्हणाले, मी इथे हप्त्याहप्त्याने येतोय.

वहिनी : असंच बोलायचे.

धाकटा : तो हात मला त्याच्या पेटीत ठेवायचाय. ह्या नाही म्हणतात.

पाळक : अच्छा. ह्याच प्रश्नावर, म्हणजे अगदी पहिल्या शतकांत, आपल्या वडीलधाऱ्यांनी पुष्कळ वाद घातले आहेत. बाहेरचे लोक टिंगल करायचे. माणूस बुडाला, त्याला माशाने खाल्लं, मासा दुसऱ्या माणसाने खाल्ला, तर शेवटी ते मांस उठणार कोणाचं?

वहिनी : लोकांना कामधंदे नव्हते.

पाळक : टिंगलीवर थांबलं नाही ना. एके ठिकाणी छळ करणाऱ्यांनी मारलेल्या विश्वासणाऱ्यांची राख केली आणि नदीत सोडली. म्हणाले, आता उठा बघू कसे उठता ते.

धाकटा : मग?

पाळक : मग मागे राहिलेले म्हणाले, ज्याने पहिल्यांदा मातीतून घडवलं त्याला राख गोळा करणं जड नाही.

वहिनी : ऐकलंत? नदीतली राख गोळा होते. खण उपटा तो आणि फळी ठोका.

धाकटा : थांबा. सोयीचं तेवढं उचलू नका. पाळकसाहेब, शरीर उठवायचंच कशाला पण? आत्मा आहे ना? तेवढ्यावर भागत नाही का देवाचं?

पाळक : न्यायासाठी. त्यांचं म्हणणं असं, की चोरी एकट्या आत्म्याने केली नाही, हात पुढे झाला. उपासही एकट्या आत्म्याने केला नाही, पोट रिकामं राहिलं. जे केलं ते दोघांनी मिळून केलं. मग निकालाच्या वेळी एकालाच उभं करणं नीतीला धरून होईल का? देव नीतिमान आहे, म्हणून तो शरीरही उठवणार.

धाकटा : म्हणजे माझा हातही उठणार. खटक्यावरचा.

वहिनी : उठणार तर. सरसासकट.

पाळक : काकू, पण तेवढंच नाही ते. देवाचं नीतिमत्त्व म्हणजे नुसतं दोषी कोण हे ठरवणं नव्हे. प्रेषितांनी सगळ्यात आधी काय सांगितलं? माणसांच्या न्यायसभेने एका निर्दोषाला दोषी ठरवलं आणि मारून टाकलं. देवाने त्याला उठवलं. खालच्या कोर्टाचा निकाल वरच्या कोर्टाने फिरवला. पुनरुत्थान हाच निकाल! देव मोडलेलं मोजत बसत नाही, मोडलेलं नीट करतो.

वहिनी : तुमच्या शर्टाची बटणं कोण लावतं?

पाळक : मीच. का?

वहिनी : ह्यांची मी लावली. रोज. नखं कापली. बुटाचे बंद बांधले. ज्या माणसाने ह्या गावातली निम्मी दारं घडवली, त्याला पहिल्या वर्षी सही गिरवताना बघितलं, शाळेतल्या पोरासारखं. तेव्हा कुठे होता तुमचा नीट करणारा?

पाळक : मला माहीत नाही, काकू.

वहिनी : आल्यापासून हे एक खरं बोललात.

धाकटा : मला माहीत आहे. नीटबीट काही करत नाही तो, वसूल करतो. देवाच्या काठीला आवाज नसतो म्हणतात ना? मला ऐकू आला. दादाचा हात गेला आणि वर्ष व्हायच्या आत माझं मूल गेलं. पोटातच गेलं. हाताला मूल. फिटंफाट! माझं देणं मी केव्हाच दिलंय, वहिनी. आता तुम्ही आणखी कशाचा तगादा लावलाय?

वहिनी : पुन्हा बोलू नका ते.

धाकटा : का? टोचलं?

वहिनी : हेच तुम्ही ह्यांच्या तोंडावर बोलला होतात. ह्याच कारखान्यात. हे डबा खात बसले होते. "देव नीतिमान आहे दादा, हाताला मूल घेतलं त्याने." ह्यांनी डबा झाकून ठेवला. तसाच घरी परत आणला.

धाकटा : काय खोटं होतं त्यात? विचारा पाळकसाहेबांना. ह्यांच्याच मंडळीने शिक्का मारला त्यावर. श्वास घेतला नाही, बाप्तिस्मा नाही, म्हणून भिंतीच्या आत जागा नाही. बाहेर, नाल्याच्या कडेला. जुने पाळक बोलले आणि पंचांनी माना हलवल्या.

पाळक : ते चुकलं.

धाकटा : आता सांगताय होय?

पाळक : तेव्हा मी इथे नव्हतो.

धाकटा : तुम्ही कधीच नसता! चुकणारा नेहमी आधीचा असतो. आणि निकाल कोणाच्या नावाने देता? तुमच्या का? त्याच्या नावाने देता. मग मी काय समजायचं? ज्याने माझं मूल नाल्यावर टाकलं, तोच वरचं कोर्ट ना? सरका बाजूला. तो खोदणारा नाही तर नाही. मी जातो. फावडं मला चालवता येतं.

वहिनी : भाऊजी, थांबा.

धाकटा : एक काम धड केलं नाही मी दादाचं. हे करणार.

वहिनी : जाऊ नका म्हणते ना.

धाकटा : हात लावून अडवू नका मला.

वहिनी : अरे, तिथे फावडं घातलंस तर तुझ्याच पोरीवर घालशील!

धाकटा : काय?

वहिनी : बस. त्या रिकाम्या घोड्यावर बस आधी.

धाकटा : काय म्हणालात तुम्ही?

वहिनी : त्या कबरीत नुसता हात नाही. तुझी मुलगी आहे.

धाकटा : ती नाल्यापाशी आहे.

वहिनी : तू तिची पेटी कबर खोदणाऱ्याच्या हातात दिलीस आणि पाठ फिरवलीस. वळूनही बघितलं नाहीस. हे भिंतीशी उभे होते. तू गेल्यावर पुढे झाले. खोदणाऱ्याला म्हणाले, आत घे तिला. तो घाबरला. पंच माझी नोकरी घालवतील म्हणाला. हे म्हणाले, तिथे माझ्या हाताची जागा आहे. पंचांनीच मंजूर केलेली, दगडसुद्धा बसलाय. माझ्या हाताने काय धरायचं, ते मी ठरवीन की पंच ठरवतील?

धाकटा : दादा असं म्हणाला?

वहिनी : असंच. माती अजून भुसभुशीत होती. तिची पेटी ह्यांच्या हाताच्या पेटीला टेकवून ठेवली. घरी आले तेव्हा डाव्या हाताच्या नखांत माती होती. मी नखं कापायला बसले आणि विचारलं, तेव्हा सांगितलं.

धाकटा : मुलगी होती?

वहिनी : तुला तेही ठाऊक नाही?

धाकटा : मी पाहिलंच नाही. दवाखान्यातून कपड्यात गुंडाळून दिलं. मी पेटीत ठेवलं आणि झाकण ठोकलं. कोणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

वहिनी : मुलगी होती.

धाकटा : आणि हिला, माझ्या बायकोला? ही दर रविवारी त्या भिंतीबाहेर जाऊन उभी राहायची.

वहिनी : पहिली दोन-चार वर्षं. पुढे आत कोण बसायला लागलं? हे म्हणायचे तिला, उन्हात काय उभी राहतेस, आत ये, माझ्या हातापाशी बस, तिथे सावली आहे. सावलीबिवली काही नाही तिथे. झाड केवढं लांब आहे. तिने कधी विचारलं नाही. पण उठताना त्या दगडावरची धूळ पदराने तीच पुसते.

धाकटा : आणि मला नाही सांगितलं. मी इतकी वर्षं त्या नाल्याकडे बघत नाही, वाट वाकडी करून येतो. आणि तुम्ही दोघं गप्प!

वहिनी : तुला सांगण्यासारखा तू होतास का? पेटला होतास नुसता. मंडळीत जाऊन पंचांसमोर छाती पिटली असतीस आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला उकरून बाहेर काढली असती. हे म्हणायचे, ह्याचा राग उतरू दे, मग सांगू. तुझा राग उतरतोय कशाला? तुला शिक्षा हवी होती, ती आयती मिळाली होती. उराशी धरून बसलास.

धाकटा : पण नंतर?

वहिनी : नंतर हे सांगायला निघाले होते. मी अडवलं.

धाकटा : तुम्ही?

वहिनी : मी. रोज बटणं लावताना मला वाटायचं, राहू दे. एवढं तरी सलू दे ह्याला. हे तुला केव्हाच माफ करून मोकळे झाले होते. मी नव्हते झाले. अजूनही नाही, उगाच डोळे भरून बघू नकोस माझ्याकडे.

पाळक : काकू...

वहिनी : हां, तुम्ही. आता तुम्हालाही कळलं. त्या पंचांतला एक अजून जिवंत आहे, पुढच्याच बाकावर बसतो. जा, सांगा त्याला. नियम नियमच असतो ना तुमच्याकडे? आणा फावडी.

पाळक : तिला मातीत ठेवलं तेव्हा कोणी प्रार्थना म्हटली होती?

वहिनी : ह्यांनी. येत होती तेवढी. डाव्या हाताने माती लोटली.

पाळक : मग दफन झालेलंच आहे. त्यात मी काय भर घालणार? पण आज त्यांच्यासाठी प्रार्थना म्हणताना तिच्यासाठीही म्हणतो. नाव काय होतं?

धाकटा : नाव ठेवलं नव्हतं.

पाळक : मग ह्यांची मुलगी एवढंच म्हणतो. मोठ्याने म्हणतो.

वहिनी : पुढच्या बाकावरचा उठून जाईल.

पाळक : जाऊ दे.

वहिनी : तुमच्यावर तक्रार जाईल वरपर्यंत.

पाळक : खालच्या कोर्टात, काकू.

वहिनी : बोलणं फार आहे तुमचं. वेळ पडेल तेव्हा बघू.

धाकटा : वहिनी, हा खण काढतो.

वहिनी : काढ.

धाकटा : दादाची कबर कुठे खोदतोय तो? छोट्या कबरीच्या कुठल्या अंगाला?

वहिनी : ह्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं त्याला. ह्यांची उजवी बाजू तिच्याकडे येईल अशी.

धाकटा : मध्ये माती किती राहील?

वहिनी : वीतभर. त्याहून कमीच.

धाकटा : उजवीकडची फळी चिरायची राहिलीय. ती पातळ घेतो.

वहिनी : टिकेल?

धाकटा : नाही टिकणार. बाकीच्या फळ्यांच्या आधी कुजेल. मग मध्ये नुसती माती.

वहिनी : मग तीच घे.

धाकटा : पण ढलपी काढावी लागेल. पात्याशी हात घालावा लागेल मला.

पाळक : मी उभा राहतो खटक्यापाशी.

वहिनी : तुम्ही बाजूला व्हा, पाळकसाहेब. तुम्हाला त्यातलं कळत नाही. ती चिंधी कुठेय रे?

धाकटा : चिंधी नाही बांधत आता. माणूसच उभा करतो.

वहिनी : बरं. घाल हात. खटक्यापाशी मी उभी आहे.